सीमेवरचे न उलगडलेले खून : ही मालिका आहे हे ओळखायचं कुणी?

मार्कंडेयकाठ (बेळगाव)

टेक्सारकाना या अमेरिकेतल्या शहराबद्दल आपल्या सीमाभागातल्या लोकांनी वाचायलाच हवं असं मला बरेच दिवस वाटतंय, म्हणून हा धागा. हे शहर टेक्सास आणि आर्कान्सा या दोन राज्यांच्या बरोबर हद्दीवर वसलंय. मधून जाणाऱ्या मोठ्या रस्त्याचं नावच स्टेट लाइन अव्हेन्यू. अलीकडचं दुकान एका राज्यात, समोरचं दुसऱ्या राज्यात. पोस्टाची आणि फेडरल कोर्टाची इमारत तर हद्दीवरच उभी आहे. नगरपालिका दोन, पोलीसही दोन. निपाणीत राहून अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजात शिकलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

१९४६ साली या शहरात साधारण दहा आठवड्यांत आठ जणांवर हल्ले झाले. त्यातले पाच जण मेले. पहिला हल्ला २२ फेब्रुवारीचा, गावाबाहेरच्या निर्जन रस्त्यावर गाडी लावून बसलेल्या एका जोडीवर. हल्लेखोराच्या तोंडावर पांढरं कापड, डोळ्यांपुरती भोकं. दोघंही जबर जखमी झाले, पण वाचले. त्या तरुणीनं जे पाहिलं ते सांगितलं, तर पोलीस तिलाच म्हणत राहिले की हा तुझ्या ओळखीचाच असणार, नाव का लपवतेस? महिनाभरानं, २४ मार्चला, दुसरी जोडी गाडीतच गोळ्या घालून मारलेली सापडली. पावसानं आजूबाजूचे ठसे धुऊन नेले होते. १४ एप्रिलला तिसरी जोडी, दोघंही शाळकरी वयाचे. मुलगी नाचाच्या कार्यक्रमात सॅक्सोफोन वाजवून परत निघाली होती. इथवर सगळं टेक्सासच्या बाजूला. मग ३ मे रोजी आर्कान्सात, शेतावरच्या घरात रात्री पेपर वाचत बसलेल्या शेतकऱ्याला खिडकीतून गोळी घातली. त्याच्या बायकोच्या चेहऱ्यावर दोन गोळ्या लागल्या, तशाच अवस्थेत ती धावत शेजाऱ्यांकडे गेली आणि जगली.

टेक्सास रेंजर्सचा गाजलेला अधिकारी मॅन्युअल गोन्झाउलास येऊन बसला, दोन्हीकडचे शेरीफ कामाला लागले. लोकांनी बंदुका घेतल्या, खिडक्यांना पडदे ठोकले. आधीच्या खुनांत .३२ ची पिस्तूल होती, शेतावर .२२ ची गोळी निघाली, त्यामुळे चौथा हल्ला त्याच माणसाचा का, यावर आजही एकमत नाही. गाड्या चोरणारा एक जण त्याच वर्षी सापडला. त्याच्या बायकोनं त्याच्याविरुद्ध सांगितलं, पण तिची हकिगत दर वेळी थोडी बदलायची आणि नवऱ्याविरुद्ध साक्ष द्यायला तिला भाग पाडता येत नव्हतं. खुनाचा खटला त्याच्यावर कधी उभाच राहिला नाही. गाडीचोरीत तो आत गेला, १९७३ साली सुटला. प्रकरण आजही उघडंच आहे.

मला यात सलतं ते पहिल्या हल्ल्यातल्या त्या बाईचं. तिचं म्हणणं कुणी खरं मानलं असतं तर दुसरा हल्ला होण्याआधी रात्रीची गस्त तरी लागली असती.

आता आपल्या राज्यातलं उदाहरण. सायनाईड मोहन. दक्षिण कन्नड जिल्ह्यातला शाळामास्तर. ज्यांच्या घरी हुंड्याची ऐपत नाही अशा मुली हेरायचा, खोटं नाव सांगून लग्नाचं वचन द्यायचा, लांबच्या गावी नेऊन लॉजवर ठेवायचा. सकाळी दागिने खोलीवरच ठेव म्हणायचा आणि बसस्टँडवर आणून गर्भ राहू नये म्हणून एक गोळी द्यायचा, बाथरूममध्ये जाऊन घे म्हणून सांगायचा. आतून कडी लावलेल्या स्वच्छतागृहात मुलगी मेलेली सापडायची. साहजिकच आत्महत्या किंवा आकस्मिक मृत्यू म्हणून नोंद. अशा वीस जणी. मडिकेरीत एक, म्हैसूरला दुसरी, बेंगळूरला तिसरी, प्रत्येक ठाण्यात एक कागद, आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या कागदाशी त्याची कधी भेट नाही. ज्या मोजक्या ठिकाणी व्हिसेरा तपासला तिथं सायनाईड निघालं होतं. गरीब घरच्या मुलीला सायनाईड मिळालं कुठून, हा प्रश्न तरीही कुणाला पडला नाही.

२००९ साली बंटवाळ तालुक्यातली एक मुलगी गायब झाली. ती दुसऱ्या धर्माच्या मुलाबरोबर पळाली अशी हाकाटी उठली, जमाव ठाण्यावर गेला. त्या दबावाखाली पोलिसांनी तिच्या फोनचे कॉल काढले. त्या नंबरवरून दुसरा नंबर निघाला, तो दुसऱ्याच एका बेपत्ता बाईचा. तिच्या फोनवरून तिसरीचा. असा धागा ओढत ओढत ऑक्टोबरमध्ये तो सापडला. लोक ज्याच्यावर चाल करून गेले होते त्या समाजाचा यात काडीचा संबंध नव्हता. नंतर शिक्षा भोगायला त्याला आपल्या हिंडलग्याच्या तुरुंगातच ठेवलं होतं.

म्हणजे ती फोन रेकॉर्ड निघेपर्यंत कर्नाटकात मालिका खून नव्हतेच, नुसते सुटे यूडीआर, म्हणजे अनैसर्गिक मृत्यूच्या नोंदी होत्या. एकाच राज्यातल्या जिल्ह्यांची ही तऱ्हा असेल, तर दोन राज्यं आणि दोन भाषांच्या मध्ये सापडलेल्या आपल्या मुलखात काय होत असेल? चोर्ला, आंबोली, तिलारी, हिडकलचं पाणी, लोंढ्याचे रूळ, पुणे-बेंगळूर हायवे. दर काही महिन्यांनी पेपरात दोन ओळी येतात : अनोळखी इसमाचा मृतदेह. पुढं त्याचं काय होतं, ते कुणाला माहीत असेल तर इथं लिहा.

---

तंबाखूवखार (निपाणी)

चांगला विषय काढलात. यात कोल्हापूरची भर घालतो. २०१३ साली तिकडं रात्री उघड्यावर झोपणाऱ्या फिरस्त्यांच्या डोक्यात दगड घालून खून होऊ लागले. आम्ही निपाणीकर बाजाराला, दवाखान्याला कायम कोल्हापूरला, त्यामुळं भीती इकडंही पसरली होती. आमच्या स्टँडवर झोपणारे हमाल त्या दिवसांत चार-चार जण एकत्र झोपत होते, एकजण जागा. शेवटी एकाला अटक झाली.

मुंबईत असाच प्रकार १९८५ पासून सायन-किंग्ज सर्कल भागात झाला, बारा जण गेले. सहा खून पडल्यावर कुठं पोलिसांच्या ध्यानात आलं की हे एकाचंच काम दिसतंय. एक हॉटेलातला वेटर त्या हल्ल्यातून वाचला, खरं अंधारात त्याला चेहरा दिसला नव्हता. पुढं १९८९ मध्ये कलकत्त्यात तेरा जण तशाच तऱ्हेनं मेले. दोन्हीकडं आजवर कुणाला शिक्षा नाही. मेलेल्यांतल्या बऱ्याच जणांचं साधं नावही कळलं नाही. ज्याचं नाव नाही त्याचा खून उलगडायला सुरुवात करायची कुठून?

---

रहस्यप्रेमी

विषय आवडला. पण मला वाटतं असे खुनी मुळात अतिशय हुशार असतात. त्यांचं मानसशास्त्र समजून घेतल्याशिवाय काही हाती लागत नाही. अमेरिकेत विचिटामध्ये बीटीके नावाचा खुनी तीस वर्षं सगळ्यांच्या नाकावर टिच्चून फिरत होता.

---

मार्कंडेयकाठ

विचिटाचंच बघूया. १९७४ ते १९९१ मध्ये त्यानं दहा माणसं मारली. स्वतःच वर्तमानपत्रांना पत्रं पाठवायचा. २००४ ला पुन्हा पत्रं सुरू केली आणि पुढच्या वर्षी पोलिसांनाच विचारलं, फ्लॉपी पाठवली तर मी सापडेन का? पोलिसांनी कळवलं, बिनधास्त पाठव. त्या फ्लॉपीत पुसलेल्या फाईलमध्ये चर्चचं आणि त्याचं नाव निघालं, फेब्रुवारी २००५ मध्ये बेड्या पडल्या. यात हुशारी कुठं दिसते? मोहनकडे होतं ते एवढंच ज्ञान, की एका ठाण्याचा कागद दुसऱ्या ठाण्यात जात नाही. मला खुन्याच्या डोक्यात शिरण्यात रस नाही, त्या कागदांत आहे.

---

स्टुडिओवाला (खानापूर)

हद्दीच्या मयतांबद्दल मी थोडं सांगू शकतो. आमचा फोटो स्टुडिओ. मोबाईलात कॅमेरे यायच्या आधी अनोळखी मयत सापडली की पोलीस गावातल्या स्टुडिओवाल्याला बोलवायचे. तालुक्यात त्या कामाला मी बरीच वर्षं जात होतो. लोंढ्याजवळ रुळांवर, मलप्रभेच्या पात्रात, कणकुंबीच्या बाजूला रानात. पैसे कधी मिळायचे, कधी नाही, ते सोडा.

चेहऱ्याचा एक फोटो काढला की हवालदाराच्या लेखी काम संपलेलं असायचं. पण पाण्यातल्या मयताचा चेहरा दोन दिवसांनी सख्ख्या आईला ओळखू येत नाही. मी आपणहून बाकीचे फोटो काढायचो. शर्टाच्या कॉलरच्या आत शिंप्याचं लेबल असतं, त्यावर दुकानाचं नाव आणि गाव. बाईच्या हातावरचं गोंदण. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायकांच्या हातावर नवऱ्याचं नाव असतं, ते मराठीत आहे की कन्नडमध्ये यावरून अर्धी दिशा कळते. ब्लाऊजला काखेत लावलेलं ठिगळ, जोडवी, पायातल्या चपलेला लावलेला दुसऱ्या रंगाचा अंगठा. घरच्या बाईला चेहरा ओळखू येणार नाही, पण तिनं स्वतः घातलेला टाका ती विसरत नाही.

एकदा जांबोटीच्या पुढं एक पुरुष सापडला. पन्नाशीचा असावा. खिशात काही नाही म्हणून पंचनाम्यात लिहिलं गेलं. मी विजारीचा चोरखिसा उलटा करायला लावला तर कागदाचा भिजलेला लगदा निघाला. तो दुकानी आणून वाळवला, दिव्याखाली धरला. एसटीचं तिकीट, गडहिंग्लजचं. कर्नाटकाच्या बसचं नव्हे. हवालदार म्हणाला, मग तो तिकडचा, आपल्याला काय करायचंय? मी म्हटलं, साहेब, तिकडचा आहे म्हणूनच तर तिकडं फोन करायचा. माणूस मनानं चांगला होता, त्यानं केला. पाचव्या दिवशी भाऊ येऊन रडून गेला. तो खून होता की काय, मला कधी कळलं नाही, पण निदान त्याला नाव मिळालं.

जिथं तिकीट सापडत नाही तिथं काय होतं ते सांगतो. पोलीस ओळख पटवण्यासाठी निवेदन काढतात, ते कन्नडमध्ये. छापून येतं कन्नड पेपरात. शोधणारी माणसं चंदगड-आजऱ्यात मराठी पेपर वाचत बसलेली. तिकडच्या पोलिसांचं निवेदन मराठीत, ते अथणी-रायबागच्या कन्नड घरात कोण वाचणार? काही दिवस वाट बघून मयत बेवारस म्हणून पुरतात.

---

कोर्टगल्ली (बेळगाव)

वकिली करतो, म्हणून कायद्याचं थोडं.

संशयास्पद मृत्यू झाला की आधी सीआरपीसी १७४ खाली चौकशी व्हायची. १ जुलै २०२४ पासून ते कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १९४ झालं. कर्नाटकात याच नोंदीला सगळे यूडीआर म्हणतात, महाराष्ट्रात अकस्मात मृत्यू, बोलताना एडी. कागद एकच, पण दोन राज्यांत दोन नावांनी, दोन भाषांत. अहवाल दंडाधिकाऱ्यांकडे जातो. घातपात दिसला नाही तर तिथंच फाईल बंद. ही चौकशी मृत्यूचं कारण बघण्यापुरती असते. शेजारच्या तालुक्यात असंच कुणी मेलंय का, हे बघायचं बंधन त्यात कुणावर नाही.

आपल्याकडं आणखी एक गुंता आहे. २०१४ पासून बेळगाव शहराला पोलीस आयुक्तालय झालं, ग्रामीण जिल्हा एसपींकडे राहिला. रुळांवर मयत सापडली तर रेल्वे पोलीस. शिनोळीच्या पुढं गेलात की महाराष्ट्र. बेळगावहून अर्ध्या तासाच्या अंतरात चार वेगळी खाती.

हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारणं बेकायदा आहे. सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये झिरो एफआयआर स्पष्ट लिहिलंय : गुन्हा कुठंही घडलेला असो, दखलपात्र असेल तर कुठल्याही ठाण्यानं नोंदवून घ्यायचा आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवायचा. फिर्यादीची प्रत फुकट मिळते. सुप्रीम कोर्टाचा ललिताकुमारी खटल्यातला २०१३ चा निकालही हेच सांगतो. अठरा वर्षांखालचं मूल बेपत्ता असेल तर नुसती नोंद चालत नाही, एफआयआरच करावी लागते, हेही २०१३ मध्येच सुप्रीम कोर्टानं सांगितलं. मोठ्या माणसाच्या बाबतीत नुसतं बेपत्ता असणं हा गुन्हा नाही, म्हणून पोलीस मिसिंगची नोंद करून मोकळे होतात. तुम्हाला पळवून नेल्याचा किंवा घातपाताचा संशय असेल तर तक्रारीत तो शब्दांत लिहा. तोंडी सांगून उपयोग नाही.

---

काजूबाग (चंदगड)

मी इथं नेहमी वाचते, लिहीत नाही. आज लिहिते.

माझी मावशी बेळगावच्या बाजूला काजूच्या कारखान्यात कामाला जायची. शिनोळीवरनं वडापनं रोजची ये-जा. नवरा नाही, मुलगी लग्न होऊन गेलेली. एका शनिवारी पगार घेतला, बरोबरच्या बायकांना म्हणाली, मी बाजार करून येतो, तुम्ही चला. ती आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही कारखान्याच्या हद्दीतल्या ठाण्यात गेलो. साहेब कन्नडमध्ये बोलत होते, शेजारच्या पोलिसानं मराठीत सांगितलं, बाई महाराष्ट्राची, तिकडं तक्रार द्या. तिकडं गेलो तर म्हणाले, गायब तिकडं झाली, कर्नाटकात द्या. मधल्या काळात नातेवाईकांतच कुजबूज सुरू झाली, एकटी बाई, गेली असेल कुणाबरोबर. ते ठाण्यातही बोलून दाखवलं. पन्नाशीच्या पुढची, गुडघे दुखणारी बाई ती! चार दिवसांनी गावातल्या एका पुढाऱ्यानं फोन केल्यावर आमच्या बाजूला मिसिंग घेतली.

मार्कंडेयकाठ यांनी टेक्सारकानाच्या त्या बाईचं लिहिलंय, नाव का लपवतेस म्हणून तिलाच विचारलं. ते वाचून मला लिहावंसं वाटलं. मावशीच्या अंगावर हिरवं लुगडं होतं, काठ मरून. हातातल्या पिशवीवर कापडदुकानाचं नाव. डाव्या हातावर गोंदण, मासोळीचं, आणि त्याखाली नवऱ्याचं नाव. मिसिंगच्या कागदात वर्णन म्हणून एवढंच लिहिलंय : रंग सावळा, बांधा मध्यम. अशा बायका आमच्या तालुक्यात हजारानं असतील की. गोंदणाचं मी सांगितलं होतं, खरं लिहिणाऱ्यानं लिहिलं नाही.

तिला कुणी मारलंय असं मी म्हणत नाही. खरं हिडकलला, घटप्रभेला, घाटात कुठंतरी सापडलेली एखादी बाई ती असेल का, हे आम्ही कुणाला विचारायचं?

---

स्टुडिओवाला

ताई, मासोळीचं गोंदण आणि खाली नाव, ही खूण फार मोठी आहे. तेवढ्यावर माणूस ओळखता येतं. कुठल्या वर्षीचं ते मला कळवा, माझ्याकडच्या जुन्या निगेटिव्ह मी टाकून दिलेल्या नाहीत.

---

साखरकारखाना (संकेश्वर)

आंबोलीचा उल्लेख वर आलाय म्हणून आठवण करून देतो. २०१७ मध्ये सांगलीत कोठडीत एका तरुणाचा मारहाणीत मृत्यू झाला. पोलिसांनी आधी तो पळून गेल्याचं सांगितलं आणि प्रेत आंबोलीला नेऊन जाळलं. सांगलीहून आंबोली किती लांब! वाटेत पूर्ण कोल्हापूर जिल्हा ओलांडावा लागतो. ज्यांना हद्दीचं गणित आतून माहीत होतं त्यांनीच दुसऱ्या जिल्ह्याचा घाट निवडला, यावरून काय ते समजा. ते उघडकीला आलं, कारण त्या तरुणाच्या घरच्यांनी पळून गेल्याची गोष्ट मान्यच केली नाही.

---

दुर्गाबाग (धारवाड)

दोन राज्यांतले धागे जुळू शकतात, याचंही उदाहरण आपल्याच पट्ट्यात आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर, १६ फेब्रुवारी २०१५ ला कोल्हापुरात गोविंद पानसरेंवर गोळ्या, २० तारखेला ते गेले. त्याच वर्षी ३० ऑगस्टला सकाळी इथं धारवाडला डॉ. एम. एम. कलबुर्गी त्यांच्या घराच्या दारात. आणि ५ सप्टेंबर २०१७ ला बेंगळूरला गौरी लंकेश. चार शहरं, दोन राज्यं. कोल्हापूर आणि धारवाडच्या मध्ये बेळगाव.

सुरुवातीला प्रत्येक प्रकरणाचा तपास वेगवेगळा चालला होता. लंकेश यांच्या खुनानंतर कर्नाटकाच्या प्रयोगशाळेनं गोळ्या आणि पुंगळ्या ताडून पाहिल्या, आणि कलबुर्गींना मारलेलं ७.६५ एमएमचं गावठी पिस्तूलच लंकेश यांच्यावरही वापरलंय असं निघालं. एसआयटीनं माणसं धरली, मग महाराष्ट्रातल्या तपासालाही वेग आला. दाभोलकर खटल्यात १० मे २०२४ ला पुण्याच्या कोर्टानं गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली, तिघं सुटले. कुणाच्या विचारांबद्दल मी इथं बोलत नाही, धागा भरकटेल. एवढंच म्हणते की गोळीवरच्या खुणांना भाषा नसते आणि हद्दही नसते. या नामवंत माणसांसाठी प्रयोगशाळेपर्यंत जे गेलं, ते काजूबाग यांच्या मावशीसाठी निदान एका फोनपर्यंत तरी जायला हवं होतं.

---

रहस्यप्रेमी

काजूबाग यांचा प्रतिसाद वाचून माझा सूर बदलला. एक सुचवू का? आपण इथंच अशा सगळ्या मृतदेहांची यादी करून संशयित कोण असतील ते शोधूया का? आपल्या भागात बाहेरून आलेले बरेच लोक फिरत असतात.

---

जतकर

यादी जरूर करा. संशयित मात्र इथं एकही लिहू नका, हात जोडून विनंती.

सप्टेंबर २०२२ मध्ये आमच्या जत तालुक्यातल्या लवंग्यात उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना मुलं पळवणारे समजून लोकांनी पट्ट्यांनी, काठ्यांनी मारलं. विजापूरकडून पंढरपूरला निघाले होते, एका पोराला रस्ता विचारला, एवढाच त्यांचा गुन्हा. ते वाचले. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण वाचले नाहीत. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी माणसं, मोबाईलवरच्या अफवेनं ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारली. त्याच महिन्यात बिदरकडंही तसाच एक बळी गेला. वर बंटवाळचं लिहिलंय, तिथंही लोक भलत्याच दारावर गेले होते. फिरस्ता माणूस ओळखपाळख नसल्यामुळं खुन्यालाही सोपा आणि जमावालाही सोपा. आपल्या यादीतून तसं काही व्हायला नको.

---

मार्कंडेयकाठ

जतकरांशी पूर्ण सहमत. या धाग्यावर कुणाही माणसाचं, समाजाचं संशयित म्हणून नाव येणार नाही. आलं तर मी संपादकांना उडवायला सांगेन.

यादीचं मात्र करूया. पेपरात आलेलं निवेदन, तारीख, जागा, ठाणं, कपडे, खुणा. कन्नडमधलं मराठीत आणि मराठीतलं कन्नडमध्ये. मृतदेहाचे फोटो नकोत, वर्णन पुरे. सीसीटीएनएस या पोलिसांच्या संगणक यंत्रणेत बेपत्ता माणसं आणि अनोळखी मृतदेह दोन्हींच्या नोंदी असतात आणि नागरिकांसाठीच्या पोर्टलवर शोधही घेता येतो, पण कागदात 'रंग सावळा, बांधा मध्यम' एवढंच भरलं असेल तर संगणक तरी काय जुळवणार? आपल्या यादीत गोंदण असेल, शिंप्याचं लेबल असेल.

---

तंबाखूवखार

मी निपाणी, चिकोडी, कागल बघतो. आमच्याकडं वखारीत दोन्ही भाषांचे पेपर येतात.

---

दुर्गाबाग

कन्नड-मराठी दोन्हीकडचं भाषांतर माझ्याकडे द्या. माहेर हुक्केरी, सासर धारवाड, दोन्ही भाषा घरच्याच.

---

काजूबाग

सगळ्यांचे आभार. स्टुडिओवाले काका, वर्ष आणि महिना तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवलाय. मावशीची मुलगी विचारते, एवढ्या वर्षांनी रक्त देऊन काही कळतं का? आणि अर्ज कुठं करायचा, चंदगडला की बेळगावला?

---

कोर्टगल्ली

कळतं. मुलीच्या रक्तावरून डीएनए जुळवता येतो, बहीण-भावाचंही चालतं, पण मुलीचं सगळ्यात बरं. अट एकच, सापडलेल्या मयताचा दात किंवा हाड तेव्हा तपासणीसाठी राखलेलं असलं पाहिजे. जिथं राखलेलं नाही पण पुरलंय आणि जागेची नोंद आहे, तिथं दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीनं उकरून नमुना घेता येतो. जिथं जाळलं तिथं कपडे आणि फोटो एवढाच आधार.

म्हणून आधी रक्त नको, आधी यूडीआर नंबर. ज्या महिन्यात मावशी गेल्या त्या महिन्यापासून पुढच्या वर्षभरात चाळीस ते साठ वयाच्या अनोळखी बाईच्या किती नोंदी झाल्या, त्यांचे नंबर, वर्णन आणि अंत्यविधीची जागा द्या, असा माहिती अधिकारात अर्ज करायचा. एक बेळगाव आयुक्तालयाला, एक बेळगाव एसपींना, एक रेल्वे पोलिसांना, एक कोल्हापूर एसपींना, एक सिंधुदुर्गला. गोव्यालाही टाका, चोर्ल्याच्या पलीकडं तेच आहेत. त्याच वेळी चंदगडच्या मिसिंगमध्ये पुरवणी जबाब द्या आणि गोंदण, लुगडं, पिशवी सगळं लिहून घ्यायला लावा. जबाब वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका.

कर्नाटकाकडचे अर्ज कन्नडमध्ये दिले तर लवकर हलतात.

---

दुर्गाबाग

मजकूर मराठीत पाठवा, उद्या संध्याकाळपर्यंत कन्नड करून देते. गोंदणाचं चित्र कुणाला काढता येत असेल तर तेही अर्जाला जोडा.

---

काजूबाग

तिच्या मुलीच्या हातावर तसंच गोंदण आहे, एकाच गोंदणारणीनं जत्रेत दोघींना गोंदलेलं. तिच्या हाताचा फोटो काढून पाठवते.